डावा अंगठा चालतो, उजवा पाहतो : एका सवयीचा इतिहास

१/११
कर्जत–मुरबाड रस्त्यावरील कशेळे. नाक्यावर एस.टी.ची वाट पाहणारा भाचा मामाच्या हाती मोबाइल देतो. “मामा, डावा अंगठा चालायला, उजवा बघायला.” क्षणभरात पडद्यावरचा सैनिक आभाळाकडे तोंड करून भिंतीला धडकतो आणि भाचा हसतो. दृश्य कल्पनेतले, पण ओळखीचे. भाच्याने एका वाक्यात सांगितलेली गोष्ट जगाला शिकायला पाव शतकाहून अधिक काळ लागला.

२/११
‘फर्स्ट पर्सन शूटर’ प्रकारात खेळाडू पात्राच्या डोळ्यांनी पाहतो. दिसते ते हातातले शस्त्र आणि पडद्याच्या मध्यावरचे नेमचिन्ह. येथे दोन कामे एकाच वेळी करावी लागतात : पाय कुठे न्यायचे आणि नजर कुठे ठेवायची. या प्रकाराचा इतिहास म्हणजे पाय आणि नजर यांच्या फारकतीचा इतिहास होय.

३/११
आरंभी ही फारकत नव्हती. १९७३ च्या सुमारास अमेरिकेतील नासाच्या एम्स संशोधन केंद्रात ‘मेझ वॉर’ हा खेळ तयार झाला. त्यात खेळाडू चक्रव्यूहात एकेक घर पुढे सरके आणि वळे ते थेट ९० अंशांत. जिकडे तोंड, तिकडेच वाट.

४/११
मे १९९२ मध्ये इड सॉफ्टवेअरचा ‘वुल्फेनस्टाइन थ्रीडी’ आला आणि डिसेंबर १९९३ मध्ये ‘डूम’. बाणांच्या कळांनी चालणे व वळणे, कंट्रोलने गोळी, स्पेसने दार उघडणे, अशी मांडणी होती. वर-खाली पाहण्याची सोयच नव्हती. शत्रू उंचावर असला तरी ‘डूम’मध्ये दिशा अचूक असली की गोळीची उंची संगणकच जुळवून घेई.

५/११
जून १९९६ मधील ‘क्वेक’ने खरी त्रिमिती आणली. शत्रू आता डोक्यावरही असे आणि पायाखालीही. माऊसने चौफेर पाहता येत होते. मात्र ती सोय खेळाडूला स्वतः आज्ञा देऊन सुरू करावी लागे. मूळ मांडणी अद्याप बाणांच्या कळांचीच होती. साधन हाती आले होते, सवय यायची होती.

६/११
ती सवय खेळाडूंनीच घडवली. ‘थ्रेश’ या नावाने खेळणारा डेनिस फाँग आरंभी केवळ कीबोर्डवर खेळे. पुढे तो माऊसकडे वळला. १९९७ मध्ये अटलांटा येथे ‘रेड अ‍ॅनिहिलेशन’ या ‘क्वेक’ स्पर्धेत तो विजयी झाला. बक्षीस होते ‘क्वेक’चा मुख्य प्रोग्रॅमर जॉन कार्मॅक याची स्वतःची फेरारी ३२८. साहजिकच, विजेता बोटे कुठे ठेवतो याची चर्चा सर्वत्र सुरू झाली.

७/११
डावा हात डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळांवर, उजवा माऊसवर. मराठी इनस्क्रिप्टमध्ये याच कळांवर अनुक्रमे ऐकार, ओकार, एकार आणि हलन्त असतात. मधली तीन बोटे चालण्यासाठी, अंगठा स्पेसवर उडीसाठी, करंगळी शिफ्ट-कंट्रोलवर. बाणांच्या कळांभोवती इतक्या उपयोगी कळा नसतात, हे या मांडणीच्या यशाचे साधे कारण.

८/११
खरी क्रांती ए आणि डी या कळांनी केली. पूर्वी डावा बाण दाबला की मान वळे. आता ‘ए’ दाबल्यावर शरीर डावीकडे सरकते, नजर मात्र शत्रूवर खिळलेली राहते. या आडव्या सरकण्यालाच ‘स्ट्रेफिंग’ म्हणतात. ही मांडणी फाँगने एकट्याने शोधली असे नाही. तत्पूर्वीही अनेक जण कळांचे निरनिराळे प्रयोग करीत होते. नोव्हेंबर १९९८ मधील ‘हाफ-लाइफ’ने ती मूळ मांडणी म्हणून दिली आणि चालणे, उडी, नेम शिकवणारा स्वतंत्र सराव-विभागही जोडला.

९/११
दोन दांड्यांच्या कंट्रोलरवर हीच लढाई पुन्हा झाली. २००० मध्ये प्लेस्टेशनवरील ‘एलियन रिसरेक्शन’ने डावी दांडी चालण्यास व उजवी पाहण्यास दिली. एका समीक्षेने तर या भयपटावरील खेळात ही रचनाच सर्वांत भयावह ठरवली! पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००१ मध्ये, ‘हेलो’ आला आणि तीच रचना लोकमान्य झाली.

१०/११
सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला. २०१८ मध्ये ‘पबजी मोबाइल’ आला. त्याचे मूळ दृश्य पात्राच्या पाठीमागून असले तरी प्रथमपुरुषी पर्यायही होता. कीबोर्ड-माऊस कधीच न हाताळलेली मुले थेट काचेवर शिकली. काचेवर बोटाला कळ लागत नाही, कडा जाणवत नाही. अंगठ्याला जागा पाठ करावी लागते. सप्टेंबर २०२० मध्ये खेळावर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ आला, तेव्हाही अंगठ्यांना नव्याने काही शिकावे लागले नाही.

११/११
म्हणून कशेळ्याच्या नाक्यावर आभाळाकडे पाहत भिंतीला धडकणारा मामा ‘ढ’ नव्हे. १९९६ चे कसलेले खेळाडू आणि २००० चे समीक्षक जेथे अडखळले, तेथेच तो उभा आहे. त्याला हवा आहे थोडा अवधी : नजरेचा वेग कमी करून द्यावा, नेमचिन्ह क्षितिजाच्या रेषेत ठेवायला सांगावे, आधी नुसते चालू द्यावे, गोळीबार नंतर. जी गोष्ट आज उपजत वाटते, ती कोणीतरी धडपडून शिकलेली असते. आणि बहुधा तेव्हाही कोणीतरी हसलेलेच असते.