थर्मोस्टॅट ‘हो-नाही’ बोलतो, हीट पंपाला ‘किती’ ते सांगावं लागतं

ऑक्टोबर २०२३पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये घरी हवेवर चालणारा हीट पंप बसवायला ७,५०० पौंडांचं सरकारी अनुदान मिळतं. तिथे राहणाऱ्या मराठी घरांमध्येही गॅसचा बॉयलर काढून हा पंप बसवावा का, ही चर्चा आता होते. आणि ज्यांनी बसवला त्यांच्यातल्या काहींची तक्रार ठरलेली असते: “घर धड गरम होत नाही, बिल मात्र वाढलं.”

यात कधी पंप लहान निवडलेला असतो, कधी रेडिएटर अपुरे असतात. पण बऱ्याचदा यंत्र ठीक असतं आणि त्याचं नियंत्रण चुकीचं लावलेलं असतं. घरगुती उष्णतेच्या नियंत्रणाचा इतिहास हा माझ्या अभ्यासाचा विषय, म्हणून आज तुम्हाला हेच सांगायचं आहे की ही चूक येते कुठून. थोडक्यात उत्तर असं: भिंतीवरचा थर्मोस्टॅट जन्मला कोळशाच्या भट्टीसाठी. त्याने आपल्याला ज्या सवयी लावल्या त्या भट्टीच्या आहेत, आणि आपण त्याच हीट पंपावर लादतो.

भट्टीचा पहारेकरी

‘थर्मोस्टॅट’ हा शब्द १८३०चा. अँड्र्यू युर नावाच्या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने त्या वर्षी पेटंट घेतलं. दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवायच्या. तापल्यावर एक जास्त प्रसरण पावते, दुसरी कमी, त्यामुळे जोडपट्टी वाकते. त्या वाकण्याने झडप उघडायची किंवा मिटायची. युरच्या डोळ्यांसमोर कापडगिरण्या होत्या, घरं नव्हती.

घराजवळची गोष्ट अमेरिकेतली. विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर इथे वॉरन जॉन्सन हे शिक्षक होते. तिथे शिपाई वर्गावर्गात जाऊन तापमान बघायचा आणि मग तळघरात उतरून भट्टीची झडप कमी-जास्त करायचा. तास चालू असताना ही ये-जा! जॉन्सन यांनी वर्गात विजेवर चालणारा थर्मोस्टॅट बसवला. त्याची खूण तळघरात पोहोचायची. १८८३ साली त्यांना पेटंट मिळालं. पाठोपाठ मिनियापोलिसमध्ये आल्बर्ट बट्झ यांनी माणूसच मधून काढून टाकला. खोली थंड झाली की विजेचं मंडल पूर्ण व्हायचं, छोटी मोटर फिरायची, साखळी ओढली जायची आणि भट्टीची हवेची झडप उघडायची. खोली तापली की झडप बंद. १८८६च्या त्या पेटंटमधून पुढे जी कंपनी उभी राहिली ती म्हणजे हनीवेल.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. या व्यवस्थेत खोली भट्टीला एकच प्रश्न विचारते: पेटू का नको? किती पेटू, हा प्रश्नच नाही. आणि भट्टीला तो नकोही होता. कोळशाची आग मोठी असते, झडप उघडली की भडकते, बंद केली की धुमसत राहते. अशा आगीला ‘हो’ आणि ‘नाही’ एवढीच भाषा पुरते.

मग याला घड्याळ जोडलं गेलं. रात्री भट्टी मंद, पहाटे आपोआप जोरात. यात खरोखरच इंधन वाचायचं. १९५३ साली हेन्री ड्रेफसने रचना केलेला हनीवेलचा गोल थर्मोस्टॅट आला आणि ही भाषा एका सुंदर चकतीत बसली. १९६७ ते १९७७ या दशकात ब्रिटनने उत्तर समुद्रातला नैसर्गिक वायू घराघरांत नेला. त्या सुमारास गॅसवर पाणी तापवून ते रेडिएटरांतून फिरवणारी सेंट्रल हीटिंगची पद्धत रुळली. पाणी ७०-८० अंशांचं, रेडिएटर हाताला चटका देणारे. सकाळी दोन तास, संध्याकाळी चार तास चालू. बाकी वेळ बंद. दोन-तीन पिढ्यांना ‘हीटिंग लावणं’ म्हणजे हेच वाटत आलं.

पंपाची वंशावळ वेगळी

हीट पंप या घराण्यातला नाहीच. तो काही जाळत नाही. घरातला एसी आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हा पंप बाहेरच्या गार हवेतली उष्णता उचलून आत आणतो. कल्पना जुनी आहे. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन, यांनी १८५२मध्येच मांडलं होतं की, इमारत गरम करायला थेट कोळसा जाळण्यापेक्षा त्या कोळशावर यंत्र चालवून बाहेरची उष्णता आत खेचली, तर कोळसा खूप कमी लागेल. १९३०मध्ये हॉल्डेन या अभियंत्याने स्कॉटलंडमधल्या आपल्या घरी केलेल्या प्रयोगांवर निबंध प्रसिद्ध केला. १९३८मध्ये झुरिकच्या टाउन हॉलला नदीच्या पाण्यातून उष्णता मिळू लागली, आणि १९४५मध्ये नॉर्विच शहराचे विद्युत अभियंता जॉन समनर यांनी तिथे तसाच पंप चालवून दाखवला.

या सगळ्यांना एक हिशेब पक्का ठाऊक होता: उष्णता जितकी उंच चढवाल तितकी वीज जास्त. विहिरीतून पाणी शेंदण्यासारखंच. समजा बाहेर २ अंश तापमान आहे. रेडिएटरचं पाणी ३५ अंशांचं हवं असेल तर चढ ३३ अंशांचा. ५५ हवं असेल तर चढ ५३चा. सैद्धांतिक कमाल मर्यादा पहिल्या वेळी १ युनिट विजेमागे ९.३ युनिट उष्णता अशी येते, दुसऱ्या वेळी ६.२. खरं यंत्र त्याच्या ४० टक्क्यांपर्यंत पोहोचतं असं धरलं, तर ३.७ आणि २.५.

हा फरक कागदावरचा नाही, खिशातला आहे. ब्रिटनमध्ये विजेचं युनिट गॅसच्या युनिटच्या साधारण चौपट महाग. ९० टक्के कार्यक्षम बॉयलरशी बरोबरी करायची तर पंपाने १ युनिट विजेतून ३.६ युनिट उष्णता दिली पाहिजे. म्हणजे तोच पंप, तेच घर. पाणी ३५ अंशांचं असेल तर बिल बॉयलरइतकं किंवा किंचित कमी, आणि ५५चं असेल तर जवळजवळ दीडपट.

मग आता थर्मोस्टॅटच्या जुन्या सवयी आठवा. रात्रभर पंप बंद. सकाळी सहाला थर्मोस्टॅट ओरडतो, “हो!” घर १५ अंशांवर आलेलं, भिंतीही गार. ते दोन तासांत २१वर न्यायचं म्हणजे पाणी कडक तापवणं आलं. नेमक्या पहाटेच्या, सर्वांत थंड हवेत पंप सर्वांत उंच चढ चढतो. बॉयलरला हे परवडायचं. पंपाला परवडत नाही.

जर्मनीने घेतलेलं वळण

‘किती’ विचारणारी पद्धत नव्हतीच असं नाही. १९७३च्या तेलसंकटानंतर पश्चिम जर्मनीने १९७६मध्ये ऊर्जाबचतीचा कायदा केला. त्याखालच्या १९७८च्या नियमांनी सेंट्रल हीटिंगला बाहेरचं तापमान (किंवा तसंच दुसरं योग्य माप) आणि वेळ यांनुसार आपोआप चालणारं नियंत्रण लावणं भाग पाडलं. घराच्या बाहेरच्या भिंतीवर एक सेन्सर. हवा जितकी थंड, तितकं पाणी गरम. हवा उबदार झाली की पाणी कोमट. हे नातं दाखवणाऱ्या रेषेला तिकडे ‘हाइट्सकुर्व’ म्हणतात, इंग्रजी बोलणारे ‘हीटिंग कर्व्ह’ किंवा ‘वेदर कम्पेन्सेशन’ म्हणतात.

ब्रिटनमध्ये गॅस स्वस्त होता, हा सेन्सर म्हणजे उगाच खर्च वाटला. २०१८च्या नियमांतही कॉम्बी बॉयलरसाठी तो चार पर्यायांपैकी एक होता, सक्तीचा नव्हता. परिणाम असा झाला की पंप आले तेव्हा ही रेषा कशी लावायची याची सवय ना अनेक बसवणाऱ्यांना होती ना वापरणाऱ्यांना. २०१०मध्ये एनर्जी सेव्हिंग ट्रस्टने ८३ हीट पंपांच्या प्रत्यक्ष चाचणीचा अहवाल दिला. हवेवरच्या पंपांची मधली कामगिरी २.२च्या आसपास होती. चांगल्या घरांत मात्र ३च्या वर. मांडणीतल्या चुकांबरोबरच अहवालाने नियंत्रणांवर बोट ठेवलं: ती गुंतागुंतीची आहेत, लोकांना समजत नाहीत.

नळ की पहारेकरी?

इथे मला माझ्या विषयातला सर्वांत आवडता निबंध आठवतो. विलेट केम्प्टन या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने १९८६मध्ये तो लिहिला. मिशिगनमधल्या लोकांशी बोलून त्याने दाखवलं की, थर्मोस्टॅटबद्दल लोकांच्या मनात दोन समजुती असतात. काहींना तो नळासारखा वाटतो: जास्त फिरवला की जास्त उष्णता. घर लवकर तापावं म्हणून ते आकडा ३०वर नेतात. (पुण्यात बाहेरून आल्या आल्या एसी १६वर लावणारे हेच!) दुसऱ्यांना ठाऊक असतं की तो फक्त पहारेकरी आहे, आकडा गाठला की बंद करतो, वेग बदलत नाही. अभियंते पहिल्यांना चूक आणि दुसऱ्यांना बरोबर ठरवत आले.

गंमत बघा: हीटिंग कर्व्हवर चालणाऱ्या पंपाच्या बाबतीत ‘नळ’वाले सत्याच्या जास्त जवळ आहेत. उष्णता खरोखरच नळासारखी अखंड, बारीक-मोठी वाहते. फरक एवढाच, की नळावरचा हात तुमचा नसून बाहेरच्या हवेचा असतो. ‘बरोबर’ समजूतवाले, जे दर खोलीला पहारेकरी बसवतात आणि तासातासाचं वेळापत्रक आखतात, त्यांनाच पंप महाग पडतो.

तर मग काय करायचं?

पंपाच्या नियंत्रकात आधी वेदर कम्पेन्सेशन चालू आहे का ते बघा. भिंतीवरचा थर्मोस्टॅट हवा त्याहून २-३ अंश वर ठेवा, म्हणजे तो रोजचा मालक न राहता फक्त टोकाच्या वेळचा राखणदार राहील. सगळे रेडिएटर पूर्ण उघडा. रिकाम्या खोल्या बंद केल्या की उरलेल्या रेडिएटरांवर भार पडतो आणि पाणी अधिक तापवावं लागतं. शिवाय बाहेरच्या यंत्रावर साचलेलं दव-बर्फ वितळवायलाही फिरतं पाणी भरपूर लागतं.

मग रेषा. उदाहरणादाखल: बाहेर उणे ३ असताना पाणी ४५, बाहेर १५ असताना २८. मग बाहेर ६ अंश असताना पाणी साधारण ३६-३७ येईल. आता दर दोन दिवसांनी एकच बदल करत रेषा थोडी थोडी खाली आणा, सर्वांत गार खोली जेमतेम आरामाची राहील इथपर्यंत. फक्त कडक थंडीत घर गार पडत असेल तर रेषेचा चढ वाढवा. सौम्य हवेतही गार वाटत असेल तर अख्खी रेषा एक-दोन अंश वर सरकवा. दोन दिवस थांबायचं कारण असं की, विटांच्या भिंतींना बदल कळायला वेळ लागतो. रात्री पंप बंद करू नका. उतरवायचंच असेल तर एखाद-दोन अंश पुरे. अंघोळीच्या पाण्याची टाकी वेगळी असते, तिचं ४८-५० अंशांचं गणित रेषेत मिसळू नका, आणि जंतू मारण्यासाठी ठरावीक काळाने ती ६०पर्यंत तापवण्याची सोय बसवणाऱ्याने ठेवली असेल तर ती काढू नका.

एवढं करूनही पाणी ४५-५०च्या खाली आणता येत नसेल, तर दोष रेषेत नाही, रेडिएटरमध्ये आहे. रेडिएटरची क्षमता खोलीपेक्षा ५० अंशांनी गरम पाण्यावर मोजतात. पाणी खोलीपेक्षा २० अंशांनीच गरम असेल तर तो जेमतेम ३० टक्के उष्णता देतो. म्हणून मोठे रेडिएटर लागतात. २०२२पासून इंग्लंडमध्ये नव्या हीटिंगची आखणीच जास्तीत जास्त ५५ अंशांच्या पाण्यासाठी करावी, असा नियम आहे.

रेडिएटर हाताला गरम लागत नाहीत म्हणून घाबरू नका. चटका बसणारा रेडिएटर ही भट्टीच्या काळातली खूण होती. घरातली मोठी माणसं “हीटिंग चालूच नाहीये” म्हणाली, तर त्यांना रेडिएटरला हात लावायला सांगू नका; खोलीतलं थर्मामीटर दाखवा, आणि महिन्याच्या शेवटी विजेचं बिल.