विद्यापीठे आणि तंत्रज्ञान : उपग्रह-वर्गापासून शोधगंगेपर्यंत

अध्यापन, संशोधन आणि समाजात ज्ञानाचा प्रसार ही विद्यापीठाची तीन प्रमुख कार्ये मानली जातात. या कार्यांत तंत्रज्ञानाचा शिरकाव करोनाकाळातील टाळेबंदीमुळे झाला, असा अनेकांचा समज आहे. भारतातील त्याचा इतिहास मात्र जवळजवळ अर्ध्या शतकाचा आहे. या साऱ्या काळात एक अनुभव पुन्हा पुन्हा आला : व्याख्यान दूरवर पोहोचवणे तुलनेने सुकर ठरले, दुसऱ्या टोकाला ते ग्रहण करणारे केंद्र, शंका फेडणारा शिक्षक आणि समजणारी भाषा यांची सोय करणे अवघड ठरले.

दूरचित्रवाणीवरील वर्ग

ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ हा उपग्रह-दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या ‘एटीएस-६’ या उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य व शालेय शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले गेले. विद्यापीठांचा त्यात थेट वाटा नसला, तरी उपग्रहाचा शिक्षणासाठी उपयोग होऊ शकतो हे त्यातून सिद्ध झाले.

विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर देशव्यापी वर्गाचे प्रक्षेपण सुरू केले. कार्यक्रमांच्या निर्मितीसाठी विद्यापीठांतच माध्यम केंद्रे स्थापन झाली. पुणे, इंदूर व हैदराबाद येथील केंद्रे त्यांपैकीच. लहान गावांतील पदवीच्या विद्यार्थ्यांना महानगरांतील जाणकारांचे विवेचन घरबसल्या मिळावे, हा हेतू स्तुत्य होता. तथापि प्रक्षेपण एकमार्गी होते. विद्यार्थ्याला प्रश्न विचारता येत नसे, वेळ चुकली की कार्यक्रम हुकत असे, आणि बहुतेक कार्यक्रम इंग्रजीत असत. ज्या विद्यार्थ्यासाठी हा खटाटोप होता, त्यालाच भाषेचा अडसर सर्वाधिक जाणवत होता.

‘एज्युसॅट’चा धडा

२० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘एज्युसॅट’ हा केवळ शिक्षणासाठीचा उपग्रह सोडण्यात आला. त्यापूर्वीची प्रायोगिक चाचणी ‘इन्सॅट-३बी’ या उपग्रहावर झाली आणि तिच्यासाठी तीन विद्यापीठे निवडली गेली : बेळगाव येथे मुख्यालय असलेले विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि भोपाळचे राजीव गांधी प्रौद्योगिकी विश्वविद्यालय. या व्यवस्थेत संवाद दुतर्फा होता. योग्य यंत्रणा असलेल्या महाविद्यालयातील विद्यार्थी दूरच्या अध्यापकाला व्याख्यान चालू असतानाच प्रश्न विचारू शकत होता.

सप्टेंबर २०१० मध्ये या उपग्रहाची सेवा संपली. पुढे २०१३ मध्ये भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या अहवालाने या योजनेतील उणिवांवर बोट ठेवले. केंद्रांची जोडणी, पाठ्यसामग्रीची निर्मिती आणि व्यवस्थापनाची रचना यांचे नियोजन पुरेसे झाले नव्हते. आकाशातील यंत्र सज्ज होते; जमिनीवरची तयारी मागे पडली होती.

चित्रफितीपासून श्रेयांकापर्यंत

सात भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये ‘एनपीटेल’ हा उपक्रम सुरू केला. प्रारंभी अभियांत्रिकी व मूलभूत विज्ञानाची व्याख्याने चित्रफितींच्या रूपाने विनामूल्य उपलब्ध झाली. २०१४ पासून प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू झाले. त्यांत दर आठवड्याला स्वाध्याय असतो, चर्चापीठावर शंका विचारता येतात आणि अंतिम परीक्षा नेमलेल्या केंद्रावर प्रत्यक्ष बसून द्यावी लागते. अभ्यासक्रम व शिकणे विनामूल्य असून शुल्क केवळ परीक्षेचे असते. अनेक महाविद्यालयांनी ‘स्थानिक शाखा’ स्थापून एका अध्यापकाकडे विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शनाची जबाबदारी सोपवली आहे. नोंदणी करणाऱ्यांच्या मानाने परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या फार थोडी असते, हे लक्षात घेता त्या अध्यापकाचे महत्त्व कळून येते.

जुलै २०१७ मध्ये केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ सुरू झाले. त्यावरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक पदवीसाठी ग्राह्य धरण्याची मर्यादा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये २० टक्के ठेवली होती. २०२१ मध्ये ती ४० टक्के करण्यात आली. लहान महाविद्यालयांच्या दृष्टीने या निर्णयाला दोन बाजू आहेत. ज्या विषयाचा अध्यापक तेथे कधीच नव्हता, तो विषय आता विद्यार्थ्याला शिकता येतो. परंतु हीच सोय रिक्त पदे न भरण्याचे निमित्त ठरली, तर ऑनलाइन अभ्यासक्रमाला आधार देणारा अध्यापकही उरणार नाही. गोव्यातील वा सीमाभागातील मोजक्या विद्यार्थ्यांच्या मराठी विभागांना हा धोका अधिक आहे, कारण पटसंख्येचा प्रश्न प्रथम त्यांनाच विचारला जातो.

भाषेचा प्रश्न

भाषेच्या अडचणीवर एक व्यवहार्य उत्तर मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाने दिले. मुक्त संगणक प्रणाली शिकवणारे सुमारे दहा मिनिटांचे दृक्‌श्राव्य पाठ त्यात तयार केले जातात. पडद्यावरील आज्ञा इंग्रजीतच राहतात. निवेदनाचा आवाज तेवढा मराठीसह इतर भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित होतो. त्यामुळे विद्यार्थी विषय स्वभाषेत समजून घेतो आणि नोकरीत लागणारे इंग्रजी शब्दही त्याच्या नजरेखालून जातात. पडद्याच्या एका भागात पाठ आणि दुसऱ्या भागात प्रत्यक्ष प्रणाली ठेवून पाहत पाहत करावे, अशी ही पद्धत आहे. पाठ एकट्याने शिकता येतील अशा बेताने रचलेले असल्याने तज्ज्ञ शिक्षक नसलेल्या गावीही त्यांचा उपयोग होतो.

संशोधन : कपाटातून पडद्यावर

पूर्वी पीएच.डी.चा प्रबंध संमत झाला, की त्याच्या मोजक्या प्रती विद्यापीठाच्या ग्रंथालयात जात आणि बहुधा तेथेच राहत. तो वाचण्यासाठी अभ्यासकाला त्या गावी जावे लागे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे बंधनकारक केले. गांधीनगर येथील ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात आता देशभरातील विद्यापीठांचे लाखो प्रबंध आहेत. ते वाचण्यासाठी शुल्क नाही आणि विद्यापीठाचे सदस्यत्वही लागत नाही. पुण्यात किंवा इंदुरात सादर झालेला मराठी प्रबंध पणजीतील वाचकाला घरी बसून पाहता येतो.

येथेही एक अडचण उरतेच. प्रबंधाचे शीर्षक देवनागरीत नोंदले आहे की रोमन लिपीत, लेखकाच्या आडनावाचे स्पेलिंग कसे केले आहे, पाने शोधता येण्याजोग्या मजकुराची आहेत की केवळ छायाचित्रांसारखी, यांवर प्रबंध सापडणे अवलंबून असते. चुकीच्या नोंदीमागे दडलेला प्रबंध कपाटातील प्रबंधाइतकाच दुर्लभ होतो. म्हणून मराठी शीर्षके देवनागरी युनिकोडमध्ये अचूक नोंदवणे हे ग्रंथपालाचे काम संशोधनाचाच भाग मानले पाहिजे.

नियतकालिकांबाबत ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ ही योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये संमत केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक शासकीय शिक्षण व संशोधन संस्थांना उपलब्ध होतात. शोधगंगेचे दार मात्र संस्थेबाहेरच्या स्वतंत्र अभ्यासकालाही उघडे आहे. हा फरक महत्त्वाचा आहे. महाराष्ट्राबाहेर मराठीचे कितीतरी संशोधन संस्थेचा आधार नसलेल्या व्यासंगी व्यक्तींनी केलेले आहे.

लोकांपर्यंत

१ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात देशातील पहिले परिसर-नभोवाणी केंद्र सुरू झाले. पुणे विद्यापीठाचे ‘विद्यावाणी’ हे केंद्रही याच परंपरेतले. अशा केंद्राचा पल्ला काही किलोमीटरचा असतो. पण स्थानिक श्रोता, स्थानिक बोली आणि स्थानिक प्रश्न हेच त्याचे सामर्थ्य होय. खगोलशास्त्राच्या ‘आयुका’ या पुण्यातील संस्थेत राहून अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान-खेळणी बनवण्याच्या चित्रफिती आणि पुस्तके मराठीसह अनेक भाषांत विनामूल्य खुली केली. काड्यापेटी, सायकलची नळी, जुनी बाटली एवढ्या सामग्रीवर ती बेतलेली असल्याने कोणत्याही खेड्यातील शाळा त्यांचा उपयोग करू शकते.

कोणत्याही नव्या योजनेला म्हणूनच तीन प्रश्न विचारणे इष्ट ठरते. दुसऱ्या टोकाला विद्यार्थ्याची शंका कोण फेडणार? मजकूर त्याच्या भाषेत आहे काय? आणि आज जमवलेली सामग्री दहा वर्षांनी शोधली असता सापडेल काय? देशव्यापी वर्ग आणि ‘एज्युसॅट’ पहिल्या दोन प्रश्नांपाशी अडखळले. शोधगंगेची कसोटी तिसऱ्या प्रश्नावर लागते.