घासलेट, परवाना आणि आपण

तेलाचा इतिहास आपल्याकडे कंपन्यांच्या नावांनी सांगितला जातो. 1974 साली एस्सोचा कारभार शासनाने घेतला व हिंदुस्थान पेट्रोलियम उभी राहिली. 1976 साली बर्मा-शेल ताब्यात आली. 1977 पासून तिचे नाव भारत पेट्रोलियम. 1976 सालीच मुंबई हायमधून तेल निघू लागले.

बीड जिल्ह्यातल्या आमच्या वस्त्यांत हा इतिहास निराळ्या शब्दांनी आला. 'रॉक ऑइल'चे रॉकेल झाले, 'गॅसलाइट'चे घासलेट. तेलाचा रिकामा डबा पाणी भरायला आला. फुटल्यावर त्याचाच पत्रा झोपडीच्या भिंतीला लागला. मी घरातला पहिला पदवीधर. माझा अभ्यास चिमणीच्या काजळीत झाला. रेशनचे रॉकेल निळे असे. काळ्या बाजारात गेलेच तर ओळखू यावे म्हणून शासन त्यात रंग मिसळी. तरीही 'संपले' हा शब्द रांगेतल्या माणसालाच ऐकावा लागे.

चिमणी, डबा, कार्ड, रांग हे घेणाऱ्याचे शब्द. परवाना, कोटा, एजन्सी हे देणाऱ्याचे. राष्ट्रीयीकरणाने कंपनीचा मालक बदलला, गावातली ही वाटणी मोडली नाही. ती मोडण्यासाठीच पंपवाटपात अनुसूचित जाती-जमातींना साडेबावीस टक्के आरक्षण आहे. पण परवान्यावर नाव एकाचे आणि गल्ल्यावर हात दुसऱ्याचा असेल, तर त्या आरक्षणाचा अर्थ काय?

विद्यार्थी-कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातले पंप पाहावेत आणि हा प्रश्न तिथे विचारावा. तेलाच्या इतिहासाचे आपले प्रकरण त्या उत्तरांतून लिहावे लागेल.