डायनोसॉरचा अंत आणि दख्खनचा पाषाण

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनोसॉर नामशेष झाले. १९८० मध्ये अल्वारेझ पितापुत्रांनी व सहकाऱ्यांनी इटलीतील गुब्बिओच्या मृत्तिकाथरात, भूकवचात दुर्मीळ असलेले इरिडियम विपुल आढळल्यावरून लघुग्रहाच्या आघाताचा सिद्धान्त मांडला. १९९१ मध्ये मेक्सिकोतील चिक्शुलूब विवराची ओळख पटली. गेर्टा केलर यांनी मात्र दोष दख्खनच्या लाव्हारसास व त्याच्या वायूंस दिला. हाच काळा पाषाण आपल्या माळव्यातही आहे. २०१९ मध्ये दोन गटांनी त्याचे वय मोजले: एकास मोठा उद्रेक आघाताच्या किंचित आधीचा दिसला, दुसऱ्यास बहुतांश लाव्हा नंतरचा. प्रस्तुत लेखकास आघाताचेच पारडे जड वाटते. कच्छमधील अंजार येथे लाव्हाच्या थरांमधील गाळात डायनोसॉरची हाडे व अंड्यांची कवचे मिळाली आहेत. आरंभीचे उद्रेक तरी त्यांनी सोसले होते.