जोडणीचें बळ

मंठ्याकडच्या गांवांतून धाब्याचीं जुनीं मातीचीं घरें अद्याप दृष्टीस पडतात. अशा एखाद्या भिंतीचा गिलावा जेथें सुटला असेल तेथें वाचकांनीं निरखून पाहावें. मातींत भुशाच्या काड्या गुंतलेल्या दिसतील. नुसती माती वाळली कीं तडकते. ती दाब सोसते, ताण सोसत नाहीं. तो ताण काडी आपल्यावर घेते. दोन दुबळ्या वस्तूंची एक सबळ वस्तु करण्याची ही युक्ति फार जुनी आहे. याच मुलुखांतील वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्यांत भांगेच्या झाडाचे तंतु मिसळलेले आहेत, असें राजदेव सिंग व सरदेसाई या संशोधकांनीं २०१६ सालीं दाखवून दिलें. अजिंठ्यास तो तंतु नाहीं; तेथील गिलाव्याची किडीनें मोठी हानि केली, वेरूळचा पुष्कळ टिकला.

आतां काचेकडे वळूं. काच ठिसूळ खरी. परंतु तिचा केसाहून बारीक धागा ओढला म्हणजे तो विलक्षण बळकट होतो, कारण इतक्या बारीक अंगांत मोठ्या भेगेस जागाच उरत नाहीं. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत असे धागे मोठ्या प्रमाणावर निघूं लागले. ते राळेंत बसवून होड्या, टाक्या आणि पुढें पवनचक्क्यांचीं पातीं होऊं लागलीं. गोष्ट भिंतीचीच: मातीच्या जागीं राळ, काडीच्या जागीं काच. पण एक वैगुण्य राहिलें. धाग्यांच्या दिशेनें हा पदार्थ भक्कम, तर दोन थरांमधील राळ दुबळी; पदार्थ उकलतो तो तेथेंच.

ही उणीव भरण्यास कार्बनच्या नलिका पुढें आल्या. जपानांत सुमिओ इजिमा यांनीं १९९१ सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केल्यावर जगाचें लक्ष तिकडे वेधलें. केसाच्या जाडीचा हजारावा भागही त्यांच्यापुढें जाडच ठरतो. २००५ सालीं हांबुर्ग येथील गोज्नी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं राळेंत शेंकडा ०.३ इतक्याच नलिका मिसळल्या. तेवढ्यानें थर एकमेकांवरून सरकण्यास होणारा विरोध शेंकडा सुमारें २० वाढला. अडचण एवढीच कीं नलिकांच्या गुठळ्या होतात, आणि गुठळी राहिली कीं बळाऐवजीं भेग पदरीं येते. चिखल पायांनीं तासन् तास तुडविणाऱ्या गवंड्यास हें निराळें सांगावें लागत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, ‘हें सर्व आमच्या पूर्वजांस ठाऊकच होतें!’ पुरावाही निघेल. सतराव्या शतकांतील एका दमास्कस तलवारींत अशा नलिका आढळल्याचें ड्रेस्डेनच्या पाउफ्लर यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलें. आणि अशा तलवारींचें पोलाद दक्षिण हिंदुस्थानांतून जात असे. मंठा १९४८ पर्यंत ज्या निजामी राज्यांत होतें, त्याच राज्यांतील कोनासमुद्रम येथें तें घेण्यास इराणी व्यापारी येत. दक्षिणेंतील कांहीं लोहार मुशींत लोखंडाबरोबर तरवडाचें लांकूड व रुईचीं पानें घालीत. हीं दोन्ही झाडें आमच्या मराठवाड्याच्या माळावर हवीं तितकीं आहेत.

तथापि त्या लोहारास नलिका ठाऊक नव्हती. ठाऊक होता तो विस्तवाचा रंग. असें म्हटल्यानें त्याचा मान उणा होत नाहीं. उणेपणा आहे तो आम्हां लिहिणाऱ्यांचा. ज्यांस अक्षर येत होतें त्यांनीं भट्टीपाशीं जाऊन कधीं विचारिलें नाहीं. एकोणिसाव्या शतकांत भट्ट्या विझत गेल्या व त्यांबरोबर कृतीही गेली. कोनासमुद्रमची हकीकत आज आपणांस कळते, ती १८३२ सालीं छापलेल्या व्हॉयसे या इंग्रज डॉक्टराच्या टिपणामुळें. हात आणि लेखणी यांमधला थर आमच्याकडे असा दुबळा राहिला, आणि विद्या उकलली ती तेथेंच.

पूर्वजांचा अभिमान आम्हांसही आहे. पण तो मिरविण्यापेक्षां हा थर सांधणें अधिक अगत्याचें वाटतें. भुशाची माती कालवून ज्यांनीं भिंती लिंपिल्या असे वृद्ध गांवोगांवीं अद्याप आहेत. कोणती माती, किती भुसा, किती दिवस मुरवावयाचा, हें त्यांच्यापाशीं बसून कोणीं तरी लिहून घेतलें पाहिजे.