योग की पिलाटेस? एकाच सालची दोन माणसं

गुलमंडीत खरेदीला आलं की सुपारी हनुमानाला हात जोडल्याशिवाय आपण पुढे जात नाही. हनुमान म्हणजे बळाचं दैवत. तालमीत मान त्याचाच. पण तालमीत जायची ती पोरं. आपल्या आज्या देवळापर्यंत यायच्या आणि घरी परतायच्या. जात्यावर दळण, विहिरीचं पाणी, धुण्याचा पिळा, कष्ट काय कमी होते? पण कष्टानं शरीर झिजतं आणि व्यायामानं सावरतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

आज त्याच गल्ल्यांतल्या बायका जिमचे जिने चढतायत. आमच्या गटातल्या चौघी गेल्या महिन्यात गेल्या आणि काउंटरवरच अडल्या. "ताई, योगाची बॅच की पिलाटेसची?" चौघींतली एक साडीच्या दुकानात दिवसभर उभी असते. गर्भपिशवीचं ऑपरेशन झालेलं, कंबर कायम धरलेली. पैसे एकाच बॅचपुरते. एकीनं ठणकावलं, "आपलं हजारो वर्षांचं सोडून परक्याचं कशाला?" दुसरी म्हणाली, "योग तर टीव्ही लावूनही होतो. पैसे मोजायचेच तर नवं शिकू." वाद मिटेना, म्हणून आम्ही दोन्हींचा इतिहास काढून बसलो.

आणि गंमत बघा. दोन्हींकडची दोन मोठी माणसं निघाली एकाच सालची, १८८३ची!

पहिले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात ते व्यायाम शिकले. पुढे गुरूंकडून योग घेतला. पण नुसत्या श्रद्धेवर ते थांबले नाहीत. उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमकं काय होतं, हे त्यांनी बडोद्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढून तपासलं. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि 'योगमीमांसा' हे त्रैमासिकही. ध्यान, प्राणायाम फार जुने, यात वाद नाही. पण चटया अंथरून, ओळीनं बसून, घड्याळ लावून आसनं करायची ही आजची पद्धत जेमतेम शंभर वर्षांची. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा प्रसार करत होते, तोही याच सुमाराला. तेव्हा सूर्यनमस्कार व्यायामात धरत, योगासनांत नाही. आज आपण दोन्ही एकाच तासात करतो.

दुसरे जोसेफ पिलाटेस, जर्मनीचे. लहानपणी अगदी किरकोळ, दम्यानं बेजार. शरीर कमवायचंच, या हट्टानं व्यायाम शिकले. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा ते इंग्लंडमध्ये होते. जर्मन म्हणून त्यांना छावणीत डांबलं. तिथल्या कैद्यांकडून ते व्यायाम करून घेत. आजारी माणसांच्या खाटांना स्प्रिंगा लावून त्यांना पडल्यापडल्या हालचाल करायला लावत, असं सांगतात. १९२६ साली ते न्यूयॉर्कला गेले. क्लारा नावाची त्यांची जोडीदारीण बरोबरीनं शिकवायची. दुखापत झालेल्या नर्तकी त्यांच्याकडे येऊ लागल्या. आपल्या पद्धतीला ते स्वतः 'काँट्रॉलॉजी' म्हणत. पिलाटेस हे नाव लोकांनी रुजवलं.

एक लोणावळ्यात, एक न्यूयॉर्कमध्ये. पण दोघांची नजर एकाच ठिकाणी होती, पोट आणि श्वास. फरक रीतीत आहे. योगात आसन लावून स्थिर राहायचं, श्वास संथ ठेवायचा. पिलाटेसमध्ये पोटाचे आणि कमरेचे स्नायू आवळून मोजक्या, सलग हालचाली करायच्या, आणि जोर लावताना श्वास सोडायचा.

आणि बायका? दोन्ही विद्या घराघरांत न्यायला बायकांचाही हात लागला. मुंबईच्या योग इन्स्टिट्यूटच्या सीतादेवी योगेंद्र यांचं बायकांसाठीचं योगाचं पुस्तक १९३४ साली आलं. पुण्याच्या गीता अय्यंगार लहानपणी मूत्रपिंडाच्या दुखण्यानं खंगल्या होत्या. वडिलांकडे योग शिकून त्या उभ्या राहिल्या आणि पाळी, गरोदरपण, उतारवय धरून कोणती आसनं करावीत हे त्यांनी जगाला शिकवलं. तिकडे पिलाटेस १९६७ साली गेले, तेव्हा क्लारा आणि रोमाना क्रिझानोव्स्का या शिष्येनं काम सुरू ठेवलं. रोमाना स्वतः पाय दुखावलेली नर्तकी म्हणूनच तिथे आली होती.

आता कामाची गोष्ट. पिलाटेस या नावावर मालकी कुणाची, यावर अमेरिकेत खटला झाला. २००० साली कोर्टानं सांगितलं, योग किंवा कराटे जसं कुणा एकाचं नाही, तसंच हे. म्हणजे पाटी कुणीही लावू शकतो. पाटीवरून शिकवणारीची पारख होत नाही.

म्हणून आमच्या चौघींनी दोन्ही बॅच आधी एकेक दिवस बघितल्या आणि दोन्हीकडे तेच प्रश्न विचारले. माझं ऑपरेशन झालंय, तर काय टाळू? हाडं ठिसूळ असतील तर पुढे वाकणं चालेल का? बीपी असेल तर श्वास रोखायचा का? शिकवणाऱ्या बाई फिरून प्रत्येकीकडे बघतात, की समोर उभ्या राहून नुसते आकडे मोजतात?

साडीच्या दुकानातल्या मैत्रिणीनं डॉक्टरांना विचारून पिलाटेस घेतलं. तिथल्या बाईंनी आधी तिचे कागद बघितले आणि पहिला आठवडा फक्त श्वास आणि ओटीपोटाचे हलके व्यायाम दिले. 'परक्याचं कशाला' म्हणणारीला बीपी आहे आणि झोप लागत नाही. ती योगाला बसली. जाताना दोघी एकाच रिक्षानं जातात, येताना सुपारी हनुमानापाशी थांबतात. आता हात जोडताना कंबर तेवढी कुरकुरत नाही, असं पहिली सांगते.

तेव्हा मैत्रिणींनो, आपलं की परक्याचं हा प्रश्न बाजूला ठेवा. दुखणं कुठं आहे आणि शिकवणारी ते विचारते का, तेवढं आधी बघा.