अधिक-उण्याचा वाद

ज्यांच्या घरी शोकेसच्या खालच्या खणात जुन्या डीव्हीडींची चवड पडून आहे, त्यांनी ती एकदा बाहेर काढावी आणि तबकड्यांवरची बारीक अक्षरे वाचावीत. काहींवर 'डीव्हीडी-आर' असे छापलेले सापडेल, काहींवर 'डीव्हीडी+आर'. दोन्हींचा व्यास १२ सेंटिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर, मधले भोक तेवढेच आणि क्षमताही ४.७ जीबी. फरक एका चिन्हाचा. पण या चिन्हापायी २००२ नंतरची काही वर्षे जगभरच्या घरांत लग्नाच्या, बारशाच्या, सहलींच्या चित्रफिती तबकडीत सुखरूप असूनही पडद्यावर येईनात. प्लेअर थोडा वेळ गुरगुरायचा आणि 'नो डिस्क' म्हणून मोकळा व्हायचा.

हे अधिक-उणे आले कुठून, ही हकीकत मोठी उद्बोधक आहे. तिची सुरुवात मात्र भांडणाने नाही, तर समेटाने झाली.

१९९५ च्या सुरुवातीला चित्रपटांसाठीच्या नव्या तबकडीचे दोन प्रस्ताव होते. एक फिलिप्स आणि सोनी यांचा, दुसरा तोशिबा, मात्सुशिता, टाइम वॉर्नर आदी मंडळींचा. व्हिडिओ कॅसेटच्या वेळची लढाई सगळ्यांच्या स्मरणात होती. सोनीची बीटामॅक्स १९७५ ची, जेव्हीसीची व्हीएचएस १९७६ ची, आणि पुढची कित्येक वर्षे गिऱ्हाइकाने आपण योग्य बाजू निवडली की नाही याची काळजी करायची. ते पुन्हा नको होते. पण समेट कंपन्यांच्या सद्बुद्धीने झाला असे समजू नका. आयबीएमच्या पुढाकाराने ॲपल, मायक्रोसॉफ्ट, कॉम्पॅक वगैरे संगणक कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी बजावले की तुम्ही एक व्हा, नाहीतर आम्ही कोणाचीच तबकडी घेणार नाही. एवढी मोठी गिऱ्हाइके हातची जातील म्हटल्यावर दोन्ही पक्ष वाटाघाटीला बसले. तोशिबाच्या गटाने आपला ५ जीबीचा आग्रह सोडला, फिलिप्स-सोनीची संकेतपद्धत स्वीकारली, आणि त्यातून ४.७ हा आकडा आला. नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानात पहिले डीव्हीडी प्लेअर दुकानात लागले.

हा समेट होता छापील तबकडीपुरता. म्हणजे कारखान्यात साच्यातून काढलेल्या, चित्रपट विकायच्या तबकडीपुरता. घरी किंवा स्टुडिओत लिहायच्या कोऱ्या तबकडीचे काय करायचे, हा प्रश्न मागे राहिला. तिथे कोणी दटावणारे उरले नव्हते.

१९९७ मध्ये पायोनियरने डीव्हीडी-आर आणली. तिच्यात सुरुवातीला ३.९५ जीबी मावायचे आणि लिहिण्याच्या यंत्राची किंमत होती सुमारे १७ हजार डॉलर. अर्थात ते स्टुडिओवाल्यांसाठी होते. १९९८ मध्ये डीव्हीडी-रॅम आली. ती बहुधा पेटीत बंद असायची आणि घरच्या बहुतेक प्लेअरना वाचताच यायची नाही. मग पुसून पुन्हा लिहिता येणारी डीव्हीडी-आरडब्ल्यू आली. या सगळ्यांना डीव्हीडी फोरम या अधिकृत संस्थेची मान्यता होती.

गंमत अशी, की फिलिप्स आणि सोनी हे या फोरमचे संस्थापक सभासद. तरीही १९९७ मध्येच त्यांनी एचपी, रिको, यामाहा, मित्सुबिशी केमिकल यांच्यासह वेगळी चूल मांडली. प्रत्येक मानकामागे पेटंटे असतात, आणि ज्याचे मानक चालेल त्याच्या घरी दर तबकडीमागे काही ना काही येत राहते. वादाचे मूळ बरेचसे तिथेच होते. या मंडळींची +आरडब्ल्यू २००१ मध्ये बाजारात आली आणि एकदाच लिहिता येणारी +आर २००२ मध्ये. ज्यांनी पहिल्या पिढीचे +आरडब्ल्यू ड्राइव्ह हौसेने घेतले, त्यांना वर्षभरात आलेली +आर त्यावर लिहिता येईना. नाव त्याच घराण्याचे, तरी ही गत!

तोवर 'डीव्हीडी-आर' मधली आडवी रेघ ही नुसती जोडरेघ होती. तिला कोणी उणे म्हणत नव्हते. समोर 'अधिक' येऊन उभे राहिले आणि बिचारी रेघ आपोआप 'मायनस' झाली. अधिक म्हणजे चांगले आणि उणे म्हणजे कमी, असा समज व्हायला मग कितीसा वेळ लागणार? प्रत्यक्षात जागा किंचित जास्त होती ती 'उणे' मध्ये, सुमारे ६९ लाख बाइटची.

आता प्लेअर का रुसायचा ते पाहू. कारणे मुख्यतः तीन.

पहिले कारण उजेडाचे. छापील तबकडीत ॲल्युमिनियमच्या आरशावर खड्डे असतात आणि लेसरचा ४५ ते ८५ टक्के प्रकाश परत येतो. एकदाच लिहायच्या तबकडीत सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि लेसर त्यावर डाग पाडतो. थर चांगला असेल, तर प्रकाश साधारण तेवढाच परततो. हलक्या मालात आणि घाईने लिहिलेल्या तबकडीत डाग पुसट पडतात. पुसून लिहायच्या तबकडीतून मात्र १८ ते ३० टक्केच प्रकाश परत येतो. नेमका एवढाच प्रकाश दोन थरांच्या छापील तबकडीतून परततो. त्यामुळे जुना प्लेअर ती दोन थरांची समजायचा, नसलेला दुसरा थर शोधत राहायचा आणि शेवटी नाद सोडायचा.

दुसरे कारण 'फायनलाइझ' न करण्याचे. लिहिणे संपल्यावर तबकडी मिटवून तिची अनुक्रमणिका पक्की करावी लागते. ते राहिले तर ज्या यंत्राने लिहिले त्यालाच ती वाचता येते, परक्याला नाही.

तिसरे कारण मला सर्वांत बोलके वाटते. प्रत्येक तबकडीच्या अगदी आतल्या वर्तुळात तिच्या जातीचा एक छोटा संकेत असतो. त्याला 'बुक टाइप' म्हणतात. छापील तबकडीचा निराळा, -आरचा निराळा, +आरचा निराळा. काही प्लेअर आधी हा संकेत पाहायचे आणि तो त्यांच्या यादीत नसेल तर पुढचे वाचायचेच नाहीत. शाळेत चाळीस वर्षांपूर्वी पाहिलेली गोष्ट आठवते. मुलगा हुशार, गणित तोंडपाठ, पण दाखला परप्रांतातल्या बोर्डाचा. कारकुनाच्या यादीत त्या बोर्डाचे नाव नाही, म्हणून प्रवेश अडला. मुलाला काय येते हे कोणी विचारलेच नाही.

-आर १९९७ पासूनची असल्यामुळे तिचा दाखला अनेक प्लेअरच्या ओळखीचा होता. +आर उशिरा आली. म्हणून जुन्या यंत्रात 'मायनस' बरी चालते असा लौकिक झाला. +वाल्यांनी यावर तोड काढली. लिहितानाच संकेताच्या जागी 'मी छापील आहे' असे नोंदवायची सोय त्यांच्या बऱ्याच ड्राइव्हमध्ये होती. तबकडी तीच, मजकूर तोच, दाखल्यावरचा एक शब्द बदलला की हटून बसलेला प्लेअर मुकाट्याने चालू व्हायचा! -आरमध्ये हा संकेत लिहिणाऱ्याला बदलता येत नव्हता.

हा वाद कोणी जिंकला नाही. २००२ च्या अखेरीस सोनीने दोन्ही प्रकार लिहिणारा ड्राइव्ह आणला, मग सगळ्यांनीच आणले. नव्या प्लेअरनीही दोन्ही ओळखायला सुरुवात केली. पाच-सहा वर्षे भांडून दोन्ही मानके शेवटी एकाच यंत्रात नांदू लागली, म्हणजे हे पहिल्या दिवशीही जमले असते. १९९५ साली संगणक कंपन्यांनी हट्ट धरला म्हणून छापील तबकडी एक झाली. कोऱ्या तबकडीचे गिऱ्हाईक म्हणजे तुमच्याआमच्यासारखी विखुरलेली माणसे, त्यांचा एकत्र आवाज कुठून निघणार?

आपल्याकडे डीव्हीडी रुजली ती या वादाच्या उत्तरार्धात. नॉयडाची मोझर बेअर ही त्या वेळी कोऱ्या तबकड्यांच्या जगातल्या मोठ्या उत्पादकांपैकी एक होती. तबकड्या स्वस्त झाल्या आणि लग्नाच्या अल्बमबरोबर डीव्हीडी देण्याची पद्धत पडली. मुले अमेरिकेत असलेल्या घरांत आणखी एक घोळ असायचा. तिकडची चित्रफीत एनटीएससी पद्धतीची, आपले टीव्ही पालचे. प्लेअर दोन्ही जाणणारा नसेल तर नातवाचा वाढदिवस काळा-पांढरा किंवा थरथरता दिसायचा.

आज हे सारे मागे पडले. मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात गेली आणि नव्या लॅपटॉपला बहुधा ड्राइव्हच नसतो. पण तबकड्या अजून घरात आहेत, आणि त्यांतली काही माणसे आता नाहीत. त्यांचा आवाज, चालणे, हसणे कुठे उरले असेल तर त्या रंगाच्या थरात, आणि तो थर ऊन, उष्णता, दमटपणा यांनी वर्षागणिक विरत जातो.

म्हणून एवढेच सुचवतो. प्लेअर 'नो डिस्क' म्हणाला, म्हणून तबकडी फेकू नका. तिच्यात काही नाही असे त्याचे म्हणणे नसते, आपल्याला ती वाचता येत नाही एवढेच असते. संगणकाला बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह अजून मिळतो. तो अधिक-उणे दोन्ही वाचतो आणि पुष्कळदा प्लेअरने नाकारलेली तबकडीही वाचतो. घरातल्या तरुणाला एक रविवार मागा, सगळ्या तबकड्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. हे काम दिवाळीपर्यंत लांबवू नये.